पौर्णिमा बिनफोनची निघाली

पौर्णिमा अंभोरे पोर्तुगालला चालली, ही बातमी मेडशीत आठ दिवसांत शिळी झाली. पण ती फोन घरी ठेवून चालली आहे असं कळलं, तेव्हा गावानं पुन्हा कान टवकारले. परदेश लोकांना काही नवा नव्हता. गावातला एक जण दुबईत क्रेन चालवत होता, एकाचा नातू जर्मनीत शिकत होता, आणि दोघंही रोज संध्याकाळी व्हिडिओवर दिसायचे. बाई एकटी जाते, तेही एकवेळ समजलं. पण फोनच न्यायचा नाही, म्हणजे हिला झालं तरी काय?

पौर्णिमाला काही झालं नव्हतं. तिनं विचार करून ठरवलं होतं, आणि एकदा ठरवल्यावर तीच गोष्ट पुन्हा पुन्हा उकरून काढायची तिला सवय नव्हती.

वय एकेचाळीस. वडील जानराव हे मेडशीचे पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागची नावं, निवडणुकीच्या भिंती, सगळं त्यांच्या हातचं. शाळा सुटली की पौर्णिमा त्यांचे डबे धुवायची, मग अक्षरांत रंग भरायची, आणि बारावी होईपर्यंत तिची अक्षरं बापापेक्षा सरळ यायला लागली होती. पुढं फ्लेक्स आले, पाट्या संपल्या. जानरावांनी ब्रश ठेवून दिले ते कायमचे. पौर्णिमानं ठेवले नाहीत. लग्न गावातच झालं होतं, नवरा संघदीप वीज कंपनीत लाईनमन. त्याच्या जुन्या मोटारसायकलला मागं डबे बांधून ती शाळांच्या भिंती रंगवायला जाऊ लागली. पाढे, नकाशे, फळं, पक्षी, महापुरुष. मालेगाव, रिसोड, वाशीम, तिन्ही तालुक्यांत मिळून तिनं दीडशेच्या वर शाळा रंगवल्या, आणि प्रत्येक भिंतीच्या उजव्या कोपऱ्यात खाली आपलं नाव आणि फोन नंबर लिहिला.

फोनशिवाय तिचं पानही हलत नसे. मुख्याध्यापक चित्र पाठवायचे, ती भिंतीवर चौकोन आखायची, डाव्या हातात फोन धरून उजव्या हातानं चौकोनामागून चौकोन उतरवायची. फोटो कोणता आणि भिंत कोणती ते ओळखून दाखवा, असं लोक म्हणत. तिलाही ते ऐकायला बरं वाटायचं.

मागच्या पावसाळ्यात तिच्या मुलीनं, अकरावीतल्या संस्कृतीनं, इंटरनेटवर एक जाहिरात पाहिली. दक्षिण पोर्तुगालमधलं एक लहानसं गाव. तिथली घरं लोक दरवर्षी स्वतःच्या हातानं चुन्यानं पांढरी करतात. त्या भिंतींवर काम करायला चार देशांतले चार चित्रकार चाळीस दिवस बोलवायचे होते. संस्कृतीनं आईला न विचारताच फॉर्म भरला. दहा चित्रं मागितली होती. शाळांची नऊ चांगली मिळाली, दहावं काही मनासारखं सापडेना. मग तिनं घरामागच्या भिंतीचा फोटो काढून लावून दिला. एका रिकाम्या दुपारी उरलेला रंग वाया जाऊ नये म्हणून पौर्णिमानं त्या भिंतीवर तूर साफ करणाऱ्या बाया काढल्या होत्या. त्यासाठी फोन पाहिला नव्हता, चौकोनही आखले नव्हते.

जानेवारीत उत्तर आलं. संस्कृती वाचून सांगत होती आणि वाचता वाचता अडखळली.

"काय झालं व? नाही म्हणलं का?" पौर्णिमानं विचारलं.

"नाही, या म्हणून राह्यले. पण असं लिहेल हाये, का तुमची नऊ चित्रं आमी पाह्यली. दहाव्या चित्रासाठी तुमाले बोलावतो."

आनंद झालाच. पण त्या वाक्यातला काटा पौर्णिमाला बरोबर रुतला. नऊ चित्रांना त्यांनी वाईट म्हटलं नव्हतं, नुसतं बाजूला सारलं होतं.

पत्रात पुढं अटी होत्या. गाव टेकडीवर, गल्ल्यांत गाडी जात नाही, म्हणून सात किलोची एकच पिशवी आणायची. आणि चाळीस दिवस फोन वापरायचा नाही. आल्यावर तो पेटीत ठेवून कुलूप लावू, किंवा घरीच ठेवून आलात तर उत्तम. अडीअडचणीला गावातल्या कॉफीच्या दुकानात तारेचा फोन आहे, त्याचा नंबर खाली दिला होता.

"पेटीत ठेवजो मंग," संस्कृती म्हणाली.

"घरीच ठेवतो," पौर्णिमा म्हणाली. "पेटीत ठेवला तं माया जीव त्या पेटीतच राहीन."

संघदीपला हे संध्याकाळी समजलं. तो ओट्यावर बूट सोडत होता, तो तसाच एक बूट हातात धरून थांबला.

"तू तिथं पोचली का नाही, हे मले कसं समजन?"

"पोचल्याबरोबर तिथले लोक तुमाले कळवतीन. दुखलं-खुपलं तरी कळवतीन."

"अन् रस्त्यात? हैदराबाद काय रिसोड हाये का? हुकली-बिकली तं कोणाले विचारशीन?"

"लोकाईले विचारीन. फोन नव्हते तवा लोक कुठी जातच नव्हते काय?"

"तवाचं सांगू नको. आत्ता एवढी सोय असून बिनकामाचा त्रास काहून करून घ्याचा?"

पौर्णिमा त्याच्याजवळ येऊन बसली. "मले सांगा, तुमी खांबावर चढता, तवा पयले काय करता?"

"लाईन बंद करतो."

"चालू ठेवून काहून नाही करत?"

"येडी झाली का? मरीन ना मी."

"मंग मलेबी चालीस दिवस लाईन बंद करू द्या. भीती मले बी हाये. पण त्या नऊ चित्रांत अन् दहाव्यात काय फरक हाये, तो मले पाह्याचा हाये."

संघदीप हसला, पण विरघळला नाही. बूट खाली ठेवून म्हणाला, "ठीक हाये. पण पयले आठ दिवस इथं राहून दाखव. इथं जमलं तं तिथं जाय."

ही अट पौर्णिमाला एकदम पटली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं फोन सासूच्या, अंजनाबाईंच्या हातात दिला आणि डबे जीपच्या टपावर बांधून जऊळक्याला गेली.

जऊळक्याच्या शाळेची फाटकासमोरची वीस फुटी भिंत रंगवायची होती. सरपंच जगदेव यांचा हट्ट होता, की आत पाऊल टाकल्याबरोबर पिसारा फुलवलेला मोर दिसला पाहिजे. मोर पौर्णिमाला नवा नव्हता. आजवर तिनं चाळीसएक तरी मोर काढले असतील. तिनं भिंत घासली, चुना मारला, वाळू दिला, आणि खडू घेऊन उभी राहिली.

डावा हात आपोआप वर आला. रिकामा होता.

तिनं तो खाली घेतला. थोड्या वेळानं पुन्हा वर आला. पोरं खिडकीतून पाहत होती म्हणून ती उगाच डब्यांची झाकणं उघडत-लावत राहिली. मोराची मान जमली, तुरा जमला, पण पाय पोटाला कुठून फुटतात तेच तिला आठवेना. चोच किती वाकडी? पिसारा सुरू कुठून होतो? दुपारपर्यंत भिंतीवर तीन रेघा होत्या, त्याही तिनं ओल्या फडक्यानं पुसल्या. तेव्हा मात्र ती घाबरली. पंचवीस वर्षं हातात ब्रश आहे, आणि आपल्याला मोर येत नाही.

संध्याकाळी ती घरी जायच्या जीपमध्ये बसली. जऊळका मागं पडलं आणि तिच्या मनात आलं, चाळीस मोर काढले, पण पाहिला एकही नाही.

दुसऱ्या दिवशी ती पहिल्या जीपनं गेली, पण शाळेत न जाता नाल्याकडे वळली. जगदेव सरपंचांचं वावर नाल्याला लागूनच होतं. हरभरा निघाला होता आणि सांडलेले दाणे टिपायला मोर येतात, हे पोरांनी सांगितलं होतं. तुराट्यांच्या गंजीआड ती बसली. ऊन अंगावर आलं तसे मोर आले. चार लांडोरी आणि एक मोर. मोर पिसारा फुलवत नव्हता. लांबच लांब शेपटा कापलेल्या हरभऱ्याच्या खुंटांवरून फरफटत तो चालला होता, पाऊल उचलायचा, थांबायचा, मान पुढं काढायचा, टिपायचा. त्या शेपट्याला धूळ लागली होती. पाय पोटाखाली चांगले मागं होते, म्हणून चालताना तो दरवेळी पुढं कलंडतो की काय असं वाटायचं, आणि कलंडत नसे. पौर्णिमा दोन सकाळी तिथं बसली. वहीत काही उतरवलं नाही. नुसतं पाहिलं.

चौथ्या दिवशी तिनं चौकोन न आखता मोर काढला. वीस फूट लांब, चालता, शेपटा मागं ओढत, मान खाली. हात एकदाही अडला नाही.

पाचव्या दिवशी जगदेव सरपंच आले. गाडी फाटकातच थांबवून बराच वेळ पाहत राहिले.

"पेंटरबाई, याचा पिसारा कायले मिटेल हाये?"

"मोर दिवसभर पिसारा फुलवून बसत नाही, सरपंच. कामं करते तो."

"पण आमी फुलवलेला सांगतला होता."

"तुमच्याच वावरात पाहून काढला. उद्या सकाळी स्वतः जाऊन पाहा. वेगळा निघाला तं मी पुसून नवा काढून देतो."

सरपंच गाडीवरून उतरले, भिंतीच्या जवळ गेले, मग लांब गेले. "शेपटाले धूयबी काढली तुमी."

"लागेल होती."

"माह्याच वावरातली?"

"तुमच्याच."

सरपंचांनी मिशीवरून हात फिरवला. "मंग राहू द्या. पण मागं नाला दाखवा. नाल्याबिगर वळखू नाही येणार लोकाईले."

नाला दाखवायला पौर्णिमाची हरकत नव्हती. आठ दिवस संपले तेव्हा संघदीप स्वतः जऊळक्याला येऊन भिंत पाहून गेला. घरी जेवताना तो एवढंच म्हणाला, "जाय तू. बिनधास्त जाय." आणि वाटीतलं वरण संपवून उठला.

मग सुरू झाला सात किलोंचा तमाशा.

चौदा एप्रिलची जयंती झाली. मिरवणुकीच्या रथाचं काम दरवर्षीसारखं पौर्णिमानंच केलं. निघायचं होतं सतराला. सोळाच्या सकाळी ती पिशवी घेऊन भाऊसिंगच्या अडत दुकानात गेली, कारण गावात खरं वजन दाखवणारा काटा तोच. सोयाबीनच्या पोत्यांशेजारच्या काट्यावर पिशवी ठेवली. काटा म्हणाला, नऊ किलो चारशे.

भाऊसिंग म्हणाला, "ताई, अडीच किलो कमी करा. माल चांगला हाये, पण जास्त हाये."

तिथंच ओट्यावर पिशवी उघडली. अंजनाबाई सोबत होत्या, संस्कृती होती, आणि काट्यावर तूर घेऊन आलेले चार लोक आपलं काम सोडून सल्ला द्यायला उभे राहिले. स्वेटर काढा, कोणी म्हणालं. कोणी म्हणालं, स्वेटर ठेवा, तिकडं थंडी असते, साबण काढा. दुसरी चप्पल निघाली. तिसरा ड्रेस निघाला. टॉवेलाच्या जागी जुना पंचा आला. काटा आठ किलो दोनशेवर येऊन अडला.

पिशवीत आता मोठी अशी दोनच ओझी उरली होती. एक, ब्रशांची गुंडाळी, त्यात सव्वीस ब्रश आणि रंगाच्या नळ्या. दुसरं, अंजनाबाईंनी बांधून दिलेलं जवसाच्या चटणीचं आणि पापड्यांचं पुडकं.

अंजनाबाईंनी स्वतःच पुडक्याला हात घातला. त्यांचा चेहरा उतरला होता. "राहू दे माय. तुया कामाचं सामान जाऊ दे."

पौर्णिमानं त्यांचा हात धरला. मग गुंडाळी सोडली, तीन ब्रश वेगळे काढले आणि उरलेले तेवीस, रंगाच्या नळ्यांसकट, संस्कृतीच्या हातात दिले.

"ब्रश काढते अन् चटणी ठेवते?" अंजनाबाई थक्क झाल्या. "पेंटर हायेस का कोण हायेस तू?"

"ब्रश तिथं भेटतीन, आत्याबाई. चुना तं तिथलाच हाये. जवसाची चटणी मले तिथं कोण देईन?"

पापड्या मात्र उतरवाव्या लागल्या, त्या वाटेतच मोडल्या असत्या. काट्यावर सहा किलो आठशे आलं, तेव्हा तूरवाल्यांपैकी एकानं टाळीही वाजवली.

पौर्णिमानं पिशवी खांद्याला लावून पाहिली. कित्येक वर्षं ती दहा लिटरचे दोन डबे, शिडी आणि सामानाची पेटी वागवत आली होती. एवढं हलकं तिला कधीच वाटलं नव्हतं. ती दुकानासमोरून बसस्टँडपर्यंत उगाच एक चक्कर मारून आली.

फोनचं काय करायचं, हा प्रश्न उरला होता. संस्कृती म्हणाली बंद करून कपाटात ठेवू. अंजनाबाईंना ते पटेना.

"बंद कायले करता? मी उचलीन. कामाचा माणूस असला तं सांगीन, बाई बाहेर हाये."

संस्कृतीनं आजीला हिरवं बटण दाखवलं, लाल दाखवलं. तिकिटं आणि पत्र कागदावर काढून पासपोर्टसोबत अंजनाबाईंनी शिवलेल्या कापडी पिशवीत घातलं. कामाला पडतील अशी इंग्रजी वाक्यं संस्कृतीनं पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्यांवर लिहून दिली आणि खाली मराठीत अर्थ.

सतराला दुपारी संघदीपनं तिला वाशीम स्टेशनवर सोडलं. हैदराबादची गाडी साडेचारला होती आणि विमान दुसऱ्या दिवशी रात्रीचं. घाई अशी नव्हतीच. संघदीप गाडीत बसवून देऊनच परतणार होता, पण आभाळ एकाएकी काळं झालं, वारा सुटला, अर्धा तास गारा पडल्या, आणि त्याचा फोन वाजला. मालेगावकडे सहा खांब आडवे झाले होते.

"जा तुमी," पौर्णिमा म्हणाली.

"गाडी येऊ दे."

"गाडी येईनच. तिकडं लोक अंधारात हायेत. जा."

तो गेला. आणि पाचाच्या सुमारास कळलं, की वादळानं पुढं कुठंतरी रुळावर झाडं पडली आहेत, गाडी आज येणार नाही.

प्लॅटफॉर्मवर एकच गलका झाला. जो तो फोन कानाला लावून फिरू लागला. पौर्णिमाचा डावा हात पिशवीत गेला, रिकामा बाहेर आला. मग तिनं प्लॅटफॉर्मवर नीट नजर फिरवली. सगळे बोलत होते, पण फोनमध्ये. एकमेकांशी कोणीच नाही. बाकावर एक तिच्याच वयाची बाई पर्स मांडीवर घेऊन शांत बसली होती. पौर्णिमा तिच्याशेजारी जाऊन बसली.

"तुमाले कुठी जाचं होतं?"

"नांदेडले. बहिणीकडं."

बाई वाशीमच्याच एका दवाखान्यात नर्स होती, नाव वर्षाराणी. नांदेडहून हैदराबादला गाड्या मिळतात, हे तिच्याकडून समजलं. नांदेडपर्यंत जीप केली तर? दोघींत जीप परवडणारी नव्हती. पौर्णिमा उठली आणि प्लॅटफॉर्मच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मोठ्यानं विचारत गेली, "नांदेडले कोण येते? जीप करून राह्यलो! नांदेड!" दहा मिनिटांत आणखी सहा लोक जमले. चेहऱ्यावरून तरी असं वाटत होतं, की कोणीतरी विचारावं म्हणूनच ते थांबले होते.

जीप ठरली. आता घरी सांगायला हवं होतं. वर्षाराणीनं आपला फोन पुढं केला. पौर्णिमानं तो हातात घेतला आणि तिच्या लक्षात आलं, की नवऱ्याचा नंबर आपल्याला येत नाही. लेकीचाही नाही, आणि चिठ्ठ्यांवर तो लिहायचं कोणालाच सुचलं नव्हतं. तोंडपाठ एकच, भिंतीभिंतीवर लिहिलेला स्वतःचा. तिनं तोच लावला.

"हॅलो," पलीकडून अंजनाबाईंचा खणखणीत आवाज आला. "पौर्णिमा घरी नाही. परदेशात गेली. दोन महिन्यानं फोन करा." आणि फोन बंद.

पौर्णिमानं पुन्हा लावला.

"एकदा सांगतलं ना बाप्पा, परदेशात गेली म्हणून!"

"आत्याबाई, ठेवू नका! मीच पौर्णिमा!"

पलीकडून हळूच, "पोचली का व? एवढ्यात?"

वर्षाराणी हसून हसून बाकावर वाकली. पौर्णिमालाही हसू आवरेना, पण तिनं सगळं नीट सांगितलं. गाडी रद्द झाली, आठ जण मिळून जीपनं नांदेडला निघालो, सोबत नर्सबाई आहे, उद्या सकाळी हैदराबाद. अंजनाबाईंनी ते सगळं परत म्हणून दाखवलं.

"संघदीप खांबावर असन. उतरला का सांगीन मी त्याले. तू घाबरली तं नाही ना?"

"नाही, आत्याबाई." आणि बोलता बोलता तिला जाणवलं, की हे खरंच आहे.

जीपमध्ये कोणी सुकवलेली बोरं काढली, कोणी चिवडा. गारांनी झोडपलेली शेतं, रस्त्यावर पडलेल्या कडुलिंबाच्या फांद्या, ढगांखालून आलेलं पिवळं ऊन आणि त्या उन्हात वावरातलं ताडपत्रीखालचं धान्य चाचपणारी माणसं. हिंगोलीपर्यंत पौर्णिमा बाहेरच पाहत होती. रंगवायचं म्हणून नाही, नुसतं पाहायला मिळतंय म्हणून. नांदेडला वर्षाराणीनं तिला बहिणीकडं जेवायला घातलं आणि हैदराबादच्या गाडीत बसवून दिलं.

विमानतळावर ती वेळेच्या सहा तास आधी पोहोचली. जे कळलं नाही ते तिनं माणसांना विचारलं. दोनदा चिठ्ठी दाखवावी लागली. एकदा चुकीच्या रांगेत उभी राहिली आणि एका तेलुगू आजोबांनी हाताला धरून बरोबर रांगेत नेलं. खिडकीजवळची जागा मिळाली. विमान उडालं तेव्हा तिनं दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली, पण डोळे मिटले नाहीत.

ते गाव तिला वाटलं होतं त्याहून लहान निघालं. टेकडीवर शेपन्नास घरं, सगळी पांढरी, खाली जमिनीलगत निळा किंवा पिवळा पट्टा. पोहोचल्याचा निरोप कॉफीच्या दुकानातून मेडशीला गेला, आणि त्यानंतर चाळीस दिवस तिच्यासाठी वाजणारं काही उरलं नाही. सोबतचे तीन चित्रकार पहिले दोन दिवस सारखे खिसे चाचपत होते. पौर्णिमाला ते पाहून हसू यायचं. तिचं ते सगळं जऊळक्यात होऊन गेलं होतं.

तिच्या वाट्याला आली एका म्हातारीच्या घराची बाजूची भिंत, चढणीच्या गल्लीला लागून. म्हातारीला पोर्तुगीजशिवाय काही येत नव्हतं आणि पौर्णिमाला पोर्तुगीजचं अक्षरही ठाऊक नव्हतं. पहिल्या दिवशी दोघींनी मिळून भिंतीला चुना मारला. म्हातारीनं लांब दांड्याचा ब्रश दिला, पौर्णिमानं चुना बोटात चोळून पाहिला, थोडं पाणी आणखी घातलं, आणि म्हातारीनं मान डोलावली. त्या दिवसापासून दुपारचं जेवण म्हातारीकडं ठरलं. जवसाची चटणी म्हातारीनं आधी वासानं आणि मग ब्रेडवर घेऊन तपासली, आणि आठवड्यात अर्धी संपवली.

पौर्णिमानं चार दिवस काहीच काढलं नाही. विचारायला आलेल्या व्यवस्थापक बाईला तिनं डोळ्यांकडं बोट दाखवून सांगितलं, अजून हेच चालू आहे. रोज सकाळी आठला टेकडीच्या पायथ्याशी पावाची गाडी येऊन भोंगा वाजवायची. मग गल्लीतून माणसं उतरायची. कापडी पिशव्या घेतलेल्या म्हाताऱ्या, काठीवाला एक आजोबा, पायजम्यावरच आलेला शिक्षक, कडेवर बाळ घेतलेली बाई. उतरताना सगळे एकटे असत. चढताना मात्र थांबत, दम खात, बोलत, पाव एकमेकांच्या पिशवीत घालत. कोणाचं वजन कोणत्या पायावर पडतं, आजोबा काठी आधी टेकवतात की पाय, हे चार सकाळींत तिला पाठ झालं.

पाचव्या दिवशी तिनं भिंतीवर पुन्हा ओला चुना मारून घेतला. रंग ओल्या चुन्यातच धरतो, त्यामुळं हाताला वेळ मोजून मिळणार होता. तिनं शिडी मागितली. तीन जण तीन शिड्या घेऊन आले. त्यातली सगळ्यांत उंच घेऊन ती चढली आणि वरच्या कोपऱ्यापासून, चढणीच्या रेषेनंच, माणसं काढायला लागली. आधी काठीवाला आजोबा.

अर्ध्या तासात खाली गर्दी जमली. म्हातारी खुर्ची घेऊन आली. आजोबांची पाठ पूर्ण झाली तशी ती उठली, काही तरी मोठ्यानं बोलली आणि टाळ्या पिटत समोरच्या घरी धावली. तिथून ती खऱ्या आजोबांना दंडाला धरून घेऊन आली. आजोबा वर पाहत राहिले. मग भिंतीवरच्या काठीकडे बोट करून त्यांनी भराभरा काही विचारलं.

पौर्णिमाला एक अक्षर कळलं नाही. तिनं शिडीवरून हसून मान हलवली आणि पुढची बाई काढायला घेतली, कारण चुना वाळायला लागला होता आणि गल्लीतली निम्मी माणसं अजून भिंतीवर यायची होती.